जॉर्जटाऊनचे रेव्हरंड फादर पॅट्रिक हीली

महोत्सव आला म्हणजे देवळाच्या कपाटांतील जुन्या वह्या बाहेर निघतात. इमारत कोणीं बांधली, कर्ज किती झालें, तें कोणीं फेडलें, याची विचारपूस सुरू होते. अशाच जुन्या दप्तरांतून ज्यांचें खरें चरित्र मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनीं लोकांपुढें आलें, अशा एका येशूसंघीय धर्मगुरूंची ओळख वाचकांस करून द्यावी असें योजिलें आहे. ते म्हणजे अमेरिकेंतील जॉर्जटाऊन कॉलेजचे अध्यक्ष रेव्ह. फादर पॅट्रिक फ्रान्सिस हीली होत.

पुढें बाल्टिमोरचे पहिले बिशप झालेले जॉन कॅरोल यांनीं 1789 सालीं स्थापिलेलें जॉर्जटाऊन हें त्या देशांतील सर्वांत जुनें कॅथलिक कॉलेज. फादर हीली यांचा जन्म मात्र तेथून फार दूर, जॉर्जिया संस्थानांत मेकन शहराजवळच्या एका कापसाच्या मळ्यावर 1834 सालीं झाला. पिता मायकेल मॉरिस हीली हे आयर्लंडांतून आलेले कॅथलिक मळेवाले. आई मेरी एलायझा ही त्यांच्याच मळ्यावरील गुलाम स्त्री. उभयतांनीं जन्मभर पतिपत्नीप्रमाणें संसार केला, तरी त्या संस्थानचा कायदा असा विवाह मानीत नसे. आई गुलाम म्हणून मुलेंहि जन्मतःच गुलाम! बापानें त्यांस मोकळें करावें म्हटलें, तरी कायदेमंडळाच्या संमतीवांचून तें होणें नव्हतें; आणि गुलामास लिहावयास वाचावयास शिकविणें हा तर गुन्हाच. तेव्हां मायकेल यांनीं मुलांस एकामागून एक उत्तरेकडील शाळांत धाडलें.

पुढें बॉस्टनचे बिशप फिट्झपॅट्रिक यांच्याशीं त्यांची प्रवासांत गाठ पडली, आणि त्यांच्या सल्ल्यानें 1844 सालीं चार मुलगे वर्सेस्टर येथील होली क्रॉस कॉलेजांत दाखल झाले. तोंवर त्यांचा बाप्तिस्मादेखील झालेला नव्हता. तो तेथेंच झाला.

आतां येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. होली क्रॉसचे त्या वेळचे अध्यक्ष फादर थॉमस मलेडी हे होते. हेच फादर मलेडी 1838 सालीं मेरीलंड प्रांतांतील येशूसंघाचे प्रमुख असतां, संघाच्या मळ्यांवरील 272 गुलाम स्त्रीपुरुष व मुलें 1,15,000 डॉलरांस लुइझियानांतील मळेवाल्यांस विकण्याचा करार त्यांनीं केला होता. त्या पैशांतला कांहीं भाग जॉर्जटाऊनचें कर्ज फेडण्याकडे लागला. त्यांच्याच कॉलेजांत हीं चार मुलें, कायद्यानें गुलाम असून, लॅटिन शिकत होतीं. मनुष्याच्या हातून घडणाऱ्या गोष्टींचा मेळ लावूं जातां लागत नाहीं, तो असा.

1850 सालीं पॅट्रिक पदवीधर झाले आणि त्याच वर्षीं आई व बाप दोघेंहि वारलीं. धाकट्या भावंडांस जॉर्जियांतून आणण्यासाठीं त्यांचा भाऊ ह्यू हा जीव धोक्यांत घालून तिकडे गेला; कारण तेथें त्याला कोणीहि गुलाम म्हणून धरूं शकला असता. मळा व त्यावरील गुलाम यांच्या विक्रीचा पैसा मुलांच्या वांट्यास आला, व त्यावर तीं वाढलीं. थोरांच्या चरित्रांतून अशा गोष्टी गाळण्याची चाल आहे. परंतु ज्यानें ही गाळली त्यानें हीली घराण्याची व्यथा जाणलीच नाहीं, असें आम्हांस वाटतें.

पॅट्रिक येशूसंघांत शिरले. कांहीं वर्षें ते होली क्रॉसमध्यें शिकवीत होते. त्या वेळीं, 1853 सालीं, त्यांनीं आपले जुने गुरू फादर फेन्विक यांस लिहिलेलें पत्र जपून राहिलें आहे. आपल्या कुळाविषयीं पाठीमागें कुजबुज चालते व ती काळजास झोंबते, असा त्याचा आशय आहे. पुढें इतक्या उघडपणें ते क्वचितच बोलले. वर्णानें ते गोरे दिसत, व लोक त्यांना आयरिश समजत. पुढें त्यांस युरोपांत पाठविण्यांत आलें. 1864 सालीं लीएज येथें गुरुदीक्षा झाली, व 1865 सालीं लुव्हेन येथें तत्त्वज्ञानांतील डॉक्टरेट मिळाली. आफ्रिकन वंशाच्या अमेरिकन मनुष्यास ही पदवी मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग.

1873 सालीं जॉर्जटाऊनचे अध्यक्ष फादर अर्ली अकस्मात् वारले. त्यांच्या जागीं फादर हीली यांची तात्पुरती नेमणूक झाली, व ती 1874 सालीं कायम झाली. यादवी युद्धानें विद्यार्थी पांगले होते. फादर हीली यांनीं शास्त्रविषयांस अभ्यासक्रमांत मानाची जागा दिली, वैद्यकी व कायदा या शाखा सुधारल्या, माजी विद्यार्थ्यांचा संघ उभा केला. 1877 सालीं त्यांनीं जी भव्य दगडी इमारत आरंभिली, तिचें बाह्यांग 1879 पर्यंत उभें राहिलें. शिल्पकार स्मिथमायर व पेल्झ हे होते. वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाची इमारतहि त्यांचीच. कर्जाचा बोजा इतका झाला कीं, अध्यक्षांस स्वतः झोळी घेऊन कॅलिफोर्नियापर्यंत फिरावें लागलें. देऊळ बांधणाऱ्या कोणत्याहि पाद्रीबाबांस हा अनुभव नवा वाटणार नाहीं! प्रकृति ढासळली, आणि 1882 सालीं, इमारतीचा अंतर्भाग अपुरा असतांच, त्यांनीं पद सोडलें.

भावंडेंहि कर्तबगार निघालीं. थोरले जेम्स 1875 सालीं पोर्टलंडचे बिशप झाले, शेरवुड धर्मगुरू झाले, मायकेल अलास्काच्या समुद्रांत सरकारी गलबताचे कप्तान, तर एलायझा मठाच्या वरिष्ठा झाल्या.

जॉर्जटाऊनच्या दप्तरांत फादर हीली यांच्या कारकीर्दीचे कागद आहेत, आणि वर्सेस्टरला भाऊ जेम्स यांची विद्यार्थिदशेंतील रोजनिशी आहे. 1838 च्या विक्रीचे कागदहि जॉर्जटाऊनलाच येऊन राहिले आहेत. अशा कागदांच्या आधारें येशूसंघीय फादर अल्बर्ट फोली यांनीं 1954 सालीं बिशप जेम्स यांचें चरित्र प्रसिद्ध केलें, आणि जॉर्जटाऊनचे हे अध्यक्ष आफ्रिकन वंशाचे होते हें सर्वत्र कळूं लागलें. ज्या कॉलेजाची नवी घडी त्यांनीं बसविली, तेथें कृष्णवर्णीय पदवी-विद्यार्थ्यांस प्रवेश मिळावयास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. 2017 सालीं विद्यापीठ व येशूसंघ यांनीं विकलेल्यांच्या वंशजांसमोर क्षमा मागितली. फादर मलेडी यांचें नांव एका इमारतीवरून काढून तेथें आयझॅक हॉकिन्स यांचें नांव देण्यांत आलें. विक्रीच्या यादींत पहिलें नांव त्यांचेंच होतें.

अखेरच्या आजारांत फादर हीली 1908 सालीं जॉर्जटाऊनला परत आले, व 10 जानेवारी 1910 रोजीं तेथेंच देवाघरीं गेले. कॉलेजच्या आवारांतील येशूसंघाच्या लहानशा दफनभूमींत त्यांची कबर आहे, आणि त्यांनीं अपुरी सोडलेली ती इमारत आज हीली हॉल या नांवानें ओळखली जाते.