विक्रोळीची परदेशी परिचारिका



मुंबईहून मध्य रेल्वेने ठाण्याकडे निघालात, तर घाटकोपर मागे पडताच विक्रोळीचे स्थानक लागते. तेथे गोदरेज उद्योगसमूहाची कामगार वसाहत आहे. १९६६ च्या अखेरीस या वसाहतीत अमेरिकेहून एक विधवा परिचारिका राहावयास आली. वय ६८ वर्षे. तिचा मुलगा पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होईल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. श्रीमती लिलियन कार्टर यांची ही जीवनकथा. एखादे राष्ट्र आपल्या नागरिकांना सेवेसाठी परदेशी धाडते, तेव्हा ती सेवा निर्मळ राहते का, की ते राजकारणाचे एक साधन असते? लिलियनबाईंच्या चरित्राच्या आधारे या प्रश्नाचा आपण विचार करू या.

लिलियनबाईंचा जन्म १५ ऑगस्ट १८९८ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात रिचलंड या गावी झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. परिचारिकेचे शिक्षण पूर्ण करून १९२३ साली त्यांनी जेम्स अर्ल कार्टर यांच्याशी विवाह केला आणि प्लेन्स या खेड्याच्या परिसरात संसार थाटला. तो काळ वर्णभेदाचा होता. कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्याच्या घरी मागच्या दाराने यावे, अशी तेथील रीत. लिलियनबाईंनी ती मानली नाही. शेतावरील कृष्णवर्णीय कुटुंबांची शुश्रूषा त्या घरोघरी जाऊन करीत, आणि कोणी कृष्णवर्णीय पाहुणा पुढच्या दाराने आला तर त्याचे स्वागत करीत. पतीला हे रुचत नसे. पण त्यांनी आपला क्रम सोडला नाही.

१९५३ साली पती कर्करोगाने वारले. चारपैकी तीन मुले मोठी झाली होती. अशा वेळी घराच्या ओसरीवर बसून उरलेले दिवस मोजावेत, असे कोणालाही वाटले असते. बाईंनी मात्र विद्यार्थ्यांच्या निवासगृहाची देखरेख केली, वृद्धाश्रम चालविला. मग एके दिवशी दूरदर्शनवर त्यांनी एक जाहिरात पाहिली. सेवेला वयाची अट नाही, असा तिचा आशय होता. ती जाहिरात 'पीस कोअर' म्हणजेच शांतिदलाची होती.

हे शांतिदल काय होते, हे येथे सांगितले पाहिजे. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी त्याची स्थापना केली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकन काँग्रेसने त्यासाठी कायदा केला. हेतू तीन होते: गरजू देशांना प्रशिक्षित मनुष्यबळ पुरविणे, त्या देशांत अमेरिकनांविषयी समज वाढविणे, आणि अमेरिकनांना इतर लोकांची ओळख करून देणे. स्वयंसेवकाने साधारणतः दोन वर्षे जेमतेम निर्वाहखर्चावर स्थानिक लोकांमध्ये राहावयाचे. धर्मप्रचाराची त्याला मुभा नव्हती. हे दिवस शीतयुद्धाचे होते. नव्याने स्वतंत्र झालेली राष्ट्रे रशियाकडे झुकू नयेत, ही चिंता या योजनेमागे होती, आणि केनेडींनी ती लपविलीही नव्हती. तेव्हा शांतिदल हे परराष्ट्रधोरणाचे साधन होते, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

लिलियनबाई भारतात आल्या, तेव्हा हे धोरण किती गुंतागुंतीचे होते पाहा. बिहारमध्ये दुष्काळ होता. अमेरिकन गव्हाची जहाजे आपल्या बंदरांना लागत होती. पण राष्ट्राध्यक्ष जॉन्सन तो गहू हात आखडून, थोडाथोडा सोडीत होते, कारण भारताने आपले शेतीविषयक धोरण बदलावे असा त्यांचा आग्रह होता. एक हात धान्य रोखून धरीत होता, तर दुसरा हात परिचारिका पाठवीत होता. दोन्ही हात एकाच राष्ट्राचे!

बाईंची नेमणूक झाली कुटुंबनियोजनाच्या कामावर. हेही धोरणच होते, आणि ते आपल्या देशाचे होते. १९६६ सालीच केंद्र सरकारने त्यासाठी आरोग्य मंत्रालयात स्वतंत्र विभाग स्थापन केला होता. परंतु बाईंचे मन रमले ते वसाहतीच्या दवाखान्यात. इंजेक्शने देणे, आजाऱ्यांना धीर देणे, हे त्यांचे जन्माचे काम. कुष्ठरोग्यांचीही त्यांनी शुश्रूषा केली. त्या काळी कुष्ठरोग म्हटला की आपलीच माणसे तोंड फिरवीत. अशांच्या जवळ ही परदेशी वृद्धा गेली. तिला उपदेश करण्याची परवानगी नव्हती. तिचे हातच काय ते बोलले.

या सेवेत कष्ट होते. उन्हाळा, एकटेपणा आणि सभोवतालचे दारिद्र्य यांनी त्यांचे मन अनेकदा हेलावे. घरी लिहिलेल्या पत्रांत त्यांनी हे सारे मोकळेपणाने मांडले. ही पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. सुमारे २१ महिन्यांच्या सेवेनंतर १९६८ साली त्या परतल्या, तेव्हा शरीर पार वाळले होते. पण त्या स्वस्थ बसल्या नाहीत. गावोगावी व्याख्याने देऊन त्यांनी आपल्या देशबांधवांना भारतातील माणसांची ओळख करून दिली. कायद्यातील तिसरा हेतू असा पुरा झाला.

फेब्रुवारी १९७७ मध्ये आपले राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांचे निधन झाले. नुकतेच राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांनी अंत्यविधीसाठी अमेरिकेची प्रतिनिधी म्हणून आपल्या मातेलाच पाठविले. त्या वेळी त्या विक्रोळीलाही जाऊन आल्या. एके काळची स्वयंसेविका आता आपल्या राष्ट्राची अधिकृत दूत होती. तरीही तिची पावले त्या जुन्या वसाहतीकडे वळलीच. ३० ऑक्टोबर १९८३ रोजी त्यांचे देहावसान झाले. पुढे २००६ साली जिमी कार्टर लोणावळ्याजवळ आले आणि बेघरांसाठी १०० घरे बांधण्याच्या कामात त्यांनी स्वतः हात घातला. मातेचा वारसा पुत्राने असा चालविला.

वाचकहो, ज्या धोरणाने लिलियनबाईंना येथे आणले, ते टिकले नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात दोन्ही देशांचे संबंध बिघडले, आणि १९७६ साली भारतातील शांतिदलाचे काम थांबले. पंधरा वर्षांत चार हजारांहून अधिक स्वयंसेवक येऊन गेले होते. राज्यकर्ते हिशोब मांडतात, मित्र बदलतात, योजना गुंडाळतात. म्हणून सेवकाने राज्यकर्त्यांच्या योजनेपासून दूरच राहावे काय? लिलियनबाईंचे जीवन तसे सांगत नाही. योजनेने त्यांना तिकीट दिले, काम दिले, राहावयास जागा दिली. पण कुष्ठरोग्याकडे हात पुढे करावा, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. शोमरोनी माणसाच्या दाखल्यातही जखमी वाटसरूने मदत करणाऱ्याचे राष्ट्र विचारले नाही. तो थांबला, एवढेच त्याला पुरे झाले.

आपणही शासनाच्या, संस्थेच्या किंवा मंडळीच्या योजनेतून एखाद्या दारी पाठविले जातो. दारापर्यंत योजना नेते. आत गेल्यावर पुढे काय करावयाचे, हे आपल्याला स्वतःलाच ठरवावे लागते. आणि वय झाले म्हणून कोणी मागे सरत असेल, तर त्याने विक्रोळीच्या त्या ६८ वर्षांच्या परिचारिकेची आठवण अवश्य ठेवावी.