एमिल नोल्डे : गावाचे नाव लावणारा चित्रकार

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. वडील शेती करतात. ग्रंथालयात चित्रकलेवरचे पुस्तक चाळताना मी ह्या जर्मन चित्रकारापाशी थांबले, ते त्याच्या नावामुळे. जन्म १८६७ चा, नाव एमिल हान्सेन, शेतकऱ्याचा मुलगा. १९०२ साली लग्न झाले तेव्हा त्याने आपल्या गावाचेच नाव लावून घेतले : नोल्डे. आपल्याकडच्या 'कर' लावण्यासारखेच की हे!

आधी तो लाकडावर कोरीवकाम शिकला, मग स्वित्झर्लंडमध्ये मास्तरकी केली. आल्प्सच्या शिखरांना माणसांचे चेहरे दिलेली त्याची पोस्टकार्डे एवढी खपली की नोकरी सोडता आली. म्युनिकच्या अकादमीने मात्र त्याला प्रवेश दिला नाही. तेव्हा तिशी उलटली होती. पुढे त्याचे भडक, पेटलेले रंग सगळ्या जर्मनीत गाजले. ख्रिस्ताच्या जीवनावर त्याने नऊ चित्रांची मालिका केली.

नाझींनी १९३७ साली म्युनिकला 'विकृत कला' म्हणून प्रदर्शन मांडले, त्यात ही मालिकाही टांगली. संग्रहालयांतून त्याच्या १०५२ कृती जप्त झाल्या. इतक्या दुसऱ्या कोणाच्याही नव्हत्या. १९४१ मध्ये त्याला चित्रे विकण्याची व प्रदर्शनात मांडण्याची बंदी झाली. सेब्यूलच्या घरी तो लहान लहान कागदांवर जलरंगात रंगवीत राहिला.

इथपर्यंत वाचून मी एका हुतात्म्यावर लेख लिहायला बसले होते. पुढची पाने वाचली आणि लेखणी अडली. नोल्डे १९३४ पासून स्वतःच नाझी पक्षात होता. ज्यूंविषयी त्याच्या मनात विष होते. पेखश्टाइन ह्या सहकारी चित्रकाराला ज्यू ठरवून त्याने सरकारी अधिकाऱ्यांपुढे चुगली केली होती. पेखश्टाइन ज्यू नव्हता, आणि असता तरी काय? जप्ती आल्यावरही नोल्डेने गोबेल्सला पत्र लिहून आपली निष्ठा सांगितली. युद्ध संपल्यावर बंदीची कथा तेवढी उरली, पक्षाचे नाव मागे पडले. २०१९ साली बर्लिनच्या प्रदर्शनात त्याची कागदपत्रे लोकांपुढे आली.

तरीही त्याच्या समुद्रावरून माझी नजर हलत नाही, ह्याचा मला राग येतो. लेख फाडावा असे दोनदा वाटले.

१९५६ साली तो सेब्यूललाच वारला. घरासमोर त्याने बाग केली होती. तिच्यातल्या वाटा त्याच्या आणि पत्नी आडाच्या नावांच्या पहिल्या अक्षरांच्या आकाराच्या. दोघेही त्याच बागेत पुरलेले आहेत.