स्टॅन्ली विल्यम हेटर

स्टॅन्ली विल्यम हेटर (२७ डिसेंबर १९०१ – ४ मे १९८८) हे इंग्रज चित्रकार व मुद्राचित्रकार होते. उत्कीर्णन आणि अम्लरेखन (एचिंग) या तंत्रांचा उपयोग दीर्घकाळ मूळ चित्रांच्या प्रतिकृती काढण्यासाठीही होत असे. या तंत्रांना विसाव्या शतकात स्वतंत्र, अमूर्त निर्मितीचे माध्यम बनविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

जीवन

हेटर यांचा जन्म लंडनमधील हॅकनी येथे चित्रकारांच्या घराण्यात झाला. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये रसायनशास्त्र व भूशास्त्र शिकल्यानंतर त्यांनी इराणमधील आबादान येथे एका तेल कंपनीत नोकरी केली. १९२६ साली ते पॅरिसला गेले. तेथे जोसेफ हेख्त यांच्याकडून त्यांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेषा काढण्याची कला आत्मसात केली आणि १९२७ मध्ये स्वतःची कार्यशाळा उघडली. १९३३ पासूनच्या जागेच्या घरक्रमांकावरून तिला 'आतलिए १७' हे नाव मिळाले. पिकासो, मिरो, जाकोमेत्ती आदी कलावंतांनी तेथे काम केले. यादवी युद्धात होरपळलेल्या स्पेनमधील मुलांच्या मदतीसाठी हेटर यांनी मुद्राचित्रांचे संच प्रसिद्ध केले.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० मध्ये कार्यशाळा न्यूयॉर्कला हलली. जॅक्सन पोलॉक यांनीही तेथे मुद्राचित्रे केली. १९५० मध्ये हेटर पॅरिसला परतले.

कार्य व तंत्र

'सँक पेरसोनाज' (पाच व्यक्ती, १९४६) हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध मुद्राचित्र. सोळा वर्षांचा मुलगा डेव्हिड याच्या मृत्यूचे दुःख त्यामागे आहे. वळणावळणाच्या रेषांतून मानवाकृती उमटतात आणि पुन्हा त्या रेषांतच विरतात. काळ्या शाईने भरलेल्या पत्र्यावर नारिंगी, हिरवा व जांभळा हे रंग रेशमी जाळीतून चढवून सर्व रंग एकाच दाबात छापलेले आहेत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या मुद्राचित्र संग्रहात त्याची प्रत आहे.

पुढे पॅरिसच्या कार्यशाळेत, कृष्ण रेड्डी आणि मुंबईत जन्मलेले कैको मोती यांच्या सहभागाने, श्यानता मुद्रण विकसित झाले. यात पत्र्यावर कमी-अधिक खोलीचे थर कोरतात. कडक रूळ पातळ शाई केवळ वरच्या थरावर लावतो. मऊ रूळ दाट शाई खोलवर पोहोचवतो. पातळ शाईवर दाट शाई चिकटत नसल्याने रंग मिसळत नाहीत. त्यामुळे प्रत्येक रंगासाठी निराळा पत्रा लागत नाही.

'न्यू वेज ऑफ ग्रॅव्ह्यूर' (१९४९) व 'अबाउट प्रिंट्स' (१९६२) हे त्यांचे ग्रंथ आहेत. हेटर यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. त्यांच्या पश्चात कार्यशाळा 'आतलिए काँत्रप्वँ' या नावाने चालू राहिली.