यो-योवाला पेद्रो फ्लोरेस

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं इतिहासाचा तास चालू असतां मागच्या बाकावरून खडखड असा आवाज आला. जाऊन पाहतों तों एका विद्यार्थ्याच्या हातांतून लांकडी यो-यो निसटून फरशीवर पडला होता. तो मीं काढून घेतला, मुलाला चार शब्द ऐकविले व खेळणें टेबलाच्या खणांत टाकून दिलें. शाळा सुटल्यावर तें सहज हातांत घेतलें. मुलाचे वडील राहात्यांत सुतारकाम करतात. त्यांनींच तें घरीं कातून दिलें होतें. दोन गुळगुळीत चकत्या, त्यांच्यामध्यें लांकडाचा बारीक आंस, आणि आंसाला घट्ट गांठ मारून बांधलेली मळकी दोरी. खालीं सोडल्याबरोबर तें उसळून वर येई. खालीं थांबून फिरत म्हणून राहत नसे. उणीव लांकडांत नव्हती, गांठींत होती. ही साधी गोष्ट ज्या मनुष्यानें लक्षावधि मुलांच्या हातीं पोहोंचविली, त्याचें चरित्र आपल्या विद्यार्थ्यांस सांगावें असें त्याच संध्याकाळीं मनांत आलें.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, यो-यो हें फार जुनें खेळणें आहे. सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वींच्या एका ग्रीक मृत्पात्रावर दोरीला लावलेली चकती खेळविणारा मुलगा रंगविलेला आहे. आपल्या देशांत उत्तरेकडे त्यास चकई किंवा चकडोरी म्हणत. अठराव्या शतकांत फ्रान्स व इंग्लंड या देशांतील श्रीमंतांच्या हातींही तें खेळणें होतें. अमेरिकेंत 1866 सालीं सिनसिनाटी शहरच्या दोघां गृहस्थांनीं त्याच्या सुधारलेल्या प्रकाराचें पेटंट घेतलें. परंतु या पाश्चात्त्य खेळण्यांची दोरी बहुधा आंसाला पक्की बांधलेली असे. त्यामुळें खालीं जाणें व वर येणें यांपलीकडे त्यांना दुसरी कला येत नसे. दूर पूर्वेकडील फिलिपाइन्स बेटांतील मुलें मात्र दोरी बांधीत नसत. तिचा सैल फांस करून तो आंसाभोंवतीं नुसता घालीत.

त्याच बेटांपैकीं लुझोन बेटावर, इलोकोस नोर्ते प्रांतांतील विंतार गांवीं, 1896 सालीं पेद्रो फ्लोरेसचा जन्म झाला. तीनशें वर्षांहून अधिक काळ चाललेला स्पेनचा अंमल तेव्हां शेवटच्या घटका मोजीत होता; पेद्रो दोन वर्षांचा झाला तेव्हां त्या अंमलाची जागा अमेरिकेच्या सत्तेनें घेतली. त्या बेटांतील मुलें आपलें खेळणें स्वतः लांकूड कोरून तयार करीत. तेथें यो-यो कोणाला नवलाचा वाटत नसे. जी वस्तु रोज डोळ्यांपुढें असते तिचें मोल सहसा कोणास कळत नाहीं.

1915 सालीं पेद्रो अमेरिकेस गेला. सॅन फ्रान्सिस्को येथील व्यापारी शिक्षणाच्या हायस्कुलांत 1919-20 च्या सुमारास तो शिकत होता. म्हणजे आपल्याकडील तरुण ज्या वयांत पदवी घेऊन बाहेर पडतात त्या वयांत तो शाळेच्या बाकावर बसला होता. पुढें त्यानें कायद्याचा अभ्यास आरंभिला. परंतु तो पुरा झाला नाहीं. सांता बार्बरा या समुद्रकांठच्या शहरीं येऊन, घंटी वाजतांच धांवत जावें व पाहुण्यांचें सामान उचलावें, अशी हॉटेलांतील नोकरी त्यानें पत्करली.

त्या काळीं फिलिपिनो मनुष्याला अमेरिकेंत राबतां येई, पण तेथील नागरिक होतां येत नसे. कॅलिफोर्नियाच्या शेतमळ्यांत त्याच्या हजारों देशबांधवांना हलक्या मजुरीवर काम करावें लागे. 1930 च्या जानेवारींत वॉटसनव्हिल येथें जमावानें फिलिपिनो मजुरांवर हल्ले केले व त्यांतील एक तरुण प्राणास मुकला. नागरिकत्वाचें दार त्यांना 1946 च्या कायद्यानें उघडलें. आणि आपल्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, त्याच कायद्यानें तें हिंदी लोकांनाही उघडलें. अशा प्रतिकूळ भूमींत पेद्रोनें आपला उद्योग उभारला.

रबराला बांधलेला चेंडू विकून कोणी एक मनुष्य लक्षाधीश झाला, असें त्याच्या वाचण्यांत आलें, आणि त्याला आपल्या गांवचा यो-यो आठवला. 1928 च्या जूनमध्यें त्यानें सांता बार्बरा येथें यो-यो तयार करण्याच्या धंद्याची रीतसर नोंद केली. पहिले बारा यो-यो त्यानें हातानेंच घडविले व शेजारच्या मुलांना दाखविले. मुलें भोंवतीं जमलीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत ही संख्या दोन हजारांवर गेली. लॉस एंजल्स येथील भांडवलवाल्यांचें साहाय्य मिळून यंत्रें आलीं, आणि 1929 च्या अखेरीस तीन कारखान्यांतून सहाशें कामगार दिवसाला तीन लक्ष यो-यो तयार करीत, अशी नोंद आहे. गांवोगांव त्यानें खेळाच्या स्पर्धा भरविल्या. मंदी तेव्हां नुकतीच सुरू झाली होती; महाग खेळणीं घेण्याची ऐपत नसलेल्या घरांतही हें अल्पमोली खेळणें शिरलें.

या साऱ्याचें बीज त्या सैल फांसांत होतें. दोरी बांधलेली नसल्यामुळें यो-यो खालीं पोहोंचल्यावर फांसांतच गरगर फिरत राहतो; खेळाडू यास त्याचें झोंपणें म्हणतात. बोटानें हलका हिसका दिला कीं दोरी क्षणभर सैल पडते, आंसाला धरते, आणि चकत्या वर धांवूं लागतात. आंस लांकडाचा व स्थिर असल्यानें सारा व्यवहार दोरी व लांकूड यांच्या घर्षणावर चालतो. घर्षण फार झालें तर यो-यो झोंपत नाहीं. फार कमी झालें तर उठत नाहीं. म्हणून आंसाला तेल लावूं नये. दोरी सुताची, दुहेरी पिळाची घ्यावी. टोंकाशीं उलटा पीळ दिला कीं ती दुभंगून फांस आपोआप होतो. जमिनीपासून बेंबीपर्यंत लांबी पुरते. खेळतां खेळतां पीळ वाढला कीं फांस आवळतो. अशा वेळीं यो-यो दोरीवर मोकळा लोंबूं द्यावा, म्हणजे जादा पीळ उतरतो. विरलेली दोरी लागलीच बदलावी, नाहीं तर ती तुटून यो-यो शेजाऱ्याच्या कपाळावर आदळावयाचा. लांकडाला ओल लागूं देऊं नये, आणि कड उखडल्यास ती काचकागदानें बेतानें घासावी, म्हणजे दोन्ही चकत्यांचा तोल कायम राहतो.

पुढें पेद्रोनें आपला धंदा डोनाल्ड डंकन या अमेरिकन व्यापाऱ्यास मोठ्या रकमेला विकला, आणि 1932 मध्यें नांवाचा हक्कही डंकनकडे गेला. यो-यो म्हटलें कीं डंकन, असें समीकरण होऊन बसलें; ज्यानें तो अमेरिकेंतील मुलांच्या हातीं दिला त्याचें नांव मागें पडलें. पेद्रोला याचा विषाद वाटला कीं नाहीं हें देव जाणे. पण एका गोष्टींत तो कधीं ढळला नाहीं. लोक त्यास यो-योचा जनक म्हणत, तेव्हां तो तें नाकारी. हें खेळणें माझें नसून माझ्या लोकांचें आहे व तें पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे, असेंच तो सांगे. खोटें बोलला असता तर त्याला अडविणारा तेथें कोण होता? त्याचें गांव हजारों मैल दूर होतें.

1963 सालीं पेद्रो वारला. त्यानंतर दोनच वर्षांनीं यो-यो या नांवावर आपला एकट्याचा हक्क आहे असें म्हणणाऱ्या डंकन कंपनीचा दावा अमेरिकेच्या न्यायालयानें अमान्य केला. हा शब्द फिलिपाइन्समध्यें त्या खेळण्याचें साधें नांवच आहे, हीही गोष्ट त्या निकालांत आली. जें सत्य तो सामान्य नोकर आयुष्यभर सांगत आला, तेंच अखेर न्यायासनावरून मान्य झालें. ऐकावयास मात्र तो उरला नव्हता.

विद्यार्थी मित्रहो, दुसऱ्या दिवशीं तो यो-यो मीं वर्गांत घेऊन गेलों. सर्वांदेखत गांठ सोडली, नव्या सुती दोरीचा फांस करून आंसाभोंवतीं घातला, आणि खेळणें ज्याचें त्याला परत दिलें. प्रथम तो बिचकला. मग त्यानें हात खालीं झटकला. यो-यो जमिनीच्या वीतभर वर थांबून गुणगुणत फिरूं लागला, आणि सारा वर्ग श्वास रोखून पाहत राहिला. तो कोणीं केला असें मीं विचारलें, तेव्हां वडिलांचें नांव सांगतांना त्याचा आवाज आदल्या दिवसाहून बराच मोठा होता. तो प्रश्न मीं आदल्याच दिवशीं विचारावयास हवा होता.