केडगावच्या माळावरची माय

खेड्यात वैर कितीही असो, मयताला खांदा द्यायला माणूस येतोच. धुऱ्याचं भांडण असलं तर ते तेरवीनंतर पुन्हा सुरू होतं, ती गोष्ट वेगळी. पण सुमारे दीडशे वर्षांमागं, दक्षिणेतल्या एका दुष्काळात एका मायच्या तिरडीला चार खांदेकरी मिळाले नाहीत. मुलगा होता, दया येऊन आलेले दोन ब्राह्मण होते, चौथा कोणी नव्हता. मग चौथी झाली तिची मुलगी. पोर ठेंगणी, इतरांच्या खांद्याला तिचा खांदा लागेना. तिनं आपल्या बाजूचा दांडा डोक्यावर घेतला आणि मसणवटीपर्यंतची लांब वाट तशीच चालली. ही पोर म्हणजे पंडिता रमाबाई.

शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव येतं. १९८९ मध्ये त्यांचं पोस्टाचं तिकीटही निघालं. विद्वान बाई, विलायतेला गेल्या, ख्रिस्ती झाल्या, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण वावरात राबणाऱ्या माणसाला त्यांची ओळख भुकेपासूनच करून घ्यावी लागते.

जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या रानात गंगामूळ इथं. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे पंडित. बाईमाणसाला संस्कृत शिकवू नये असा तो काळ, पण त्यांनी आधी बायकोला शिकवलं, अन् त्या मायनं पुढं पोरीला. घर मोडल्यावर सारं कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागलं. जवळ होतं ते दानधर्मात गेलं. दुष्काळ पडला तेव्हा पुराण ऐकायला कोण येणार? मजुरीची सवय नाही, भीक मागायची लाज. रानातला पाला खाण्याची पाळी आली. म्हाताऱ्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. थोरला भाऊ श्रीनिवास आडवा आला, मी मजुरी करतो म्हणाला. तरी थोड्याच काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली.

उरलेली दोघं भावंडं हजारो मैल पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी जात सोडून बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं, १८८१ ला मनोरमा झाली, अन् १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवराही गेला. चोवीस वर्षं पुरी व्हायच्या आत विधवा, कडेवर पोर. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढं साक्ष दिली, बायांना शिक्षिका अन् डॉक्टरणी पाहिजेत म्हणून सांगितलं. बुद्धी होती, नाव होतं. पण हे सगळं कशासाठी, हा प्रश्न मनातून जात नव्हता. शास्त्रं पाठ होती, त्यात विधवेला जागा सापडत नव्हती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींकडं राहिल्या. या भगिनींचं लंडनजवळ फुलहॅमला एक घर होतं. वाट चुकलेल्या, लोकांनी टाकून दिलेल्या बायांना तिथं ठेवत. रमाबाईंनी पाहिलं, की चांगल्या घरच्या बाया या बायांची सेवा करतात, त्यांना जवळ घेतात. आपल्याकडं अशा बाईची सावलीही कोणी अंगावर घेत नव्हतं. असं का करता म्हणून विचारल्यावर त्यांना येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. परजातीची, बदनाम बाई, तिच्याजवळ येशूनं पाणी मागितलं अन् बरोबरीनं बोलला. ही गोष्ट त्यांच्या काळजात रुतली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

धर्म बदलला म्हणून बाई कोणाची बांधील झाली नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे. शाकाहार सोडला नाही. धर्मगुरू सांगतील ते सगळं मानायलाही तयार नव्हत्या, त्यावरून भगिनींशी पत्रापत्री चालायची. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला त्या अमेरिकेत हजर होत्या. तिथंच हिंदू विधवांच्या हालांवर पुस्तक लिहिलं, पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई ही बालविधवा, पुढं महर्षी कर्व्यांची पत्नी झाली.

सदन पुण्याला आल्यावर वाद पेटला. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू असं कबूल केलं होतं. पण बाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचं दार उघडं, पोरी आपणहून जाऊन बसत. केसरीनं टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या मंडळींनी सल्लागार समिती सोडली, कितीतरी मुली घरच्यांनी काढून नेल्या. लोकांचा राग अगदीच बिनबुडाचा होता असं म्हणता येत नाही. दिलेल्या शब्दाचा प्रश्न होता. पण टीका करणाऱ्यांपैकी त्या पोरींना आपल्या घरी ठेवायला किती तयार होते, हेही विचारावं लागतं.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. सरकारी गरीबखाने, दुष्काळी कामं डोळ्यांनी पाहिली. हाडांचे सापळे झालेल्या पोरी, अन् त्यांना फूस लावून नेणारे दलाल. भूक काय असते हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तीनशेच्या आसपास मुली त्यांनी आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. इतकी माणसं शहरात ठेवता येईनात, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर नेलं. प्लेगच्या सरकारी दवाखान्यातल्या गैरप्रकाराबद्दल बाईंनी सरकारविरुद्धही उघड पत्र लिहिलं. गोऱ्यांचा धर्म घेतला म्हणून गोऱ्या सरकारपुढं तोंड बंद ठेवलं नाही.

केडगावला त्यांनी शंभरेक एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. अमेरिकेची मदत दहाच वर्षांची होती, ती संपल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी हा हिशेब. देणगीच्या भरवशावर न बसता विहिरी खणल्या, झाडं लावली, गाई-बैल ठेवले. पोरींच्या हाती विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना आला. नाव ठेवलं मुक्ती. आंधळ्या बायांसाठी, फसवल्या गेलेल्यांसाठी, म्हाताऱ्यांसाठी वेगवेगळी घरं झाली. मनोरमाबाईंनी आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकवली.

१८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातेत तसाच आपल्या वऱ्हाडातही फार कठीण गेला. त्या वेळी मुक्तीत दोन हजारांच्या घरात बाया-मुली होत्या. मुलांचं काय, तर त्यांच्यासाठी जवळच दौंडला अल्बर्ट नॉर्टन यांनी घर काढलं. हे नॉर्टन म्हणजे त्याआधी अचलपूरकडं आणि मेळघाटच्या कोरकूंमध्ये राहिलेले. अकोल्यात काम केलेल्या जेनी फुलरबाईंनी हिंदी स्त्रियांच्या दुःखावर १९०० मध्ये पुस्तक काढलं, त्याची प्रस्तावनाही रमाबाईंची. म्हणजे आपल्या मुलखाचा धागा केडगावच्या माळापर्यंत जातो.

आज आपल्या जिल्ह्यांत शेतकऱ्यानं जीव दिला की पंचनामा होतो, समिती बसते, प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. तलाठी, ग्रामसेवक आपापलं काम करतात. कागद पुढं गेल्यावर त्या बाईच्या दारात सहा महिन्यांनी कोण जातं, हे ज्याच्या त्याच्या गावाला ठाऊक. रमाबाई अशा वेळी आधी पोरीला घरी आणत आणि खर्चाचा हिशेब नंतर लावत. त्यापायी त्यांना पुष्कळदा कठीणही गेलं.

शेवटची वर्षं बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. साध्या बाईला वाचता यावं अशी भाषा पाहिजे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९१९ मध्ये सरकारनं कैसर-इ-हिंद पदक दिलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. एकुलती लेक. तरी बाईंनी काम हातातून सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी केडगावलाच डोळे मिटले. त्यांचं बायबल संस्थेच्याच छापखान्यात छापलं गेलं. खिळे जुळवायचं काम तिथल्या बायाच करत, ज्यांना कधीकाळी पाटीवर अक्षर काढायचीही मनाई होती.