सरखेलांचा गौरव

नौदलातील असामान्य कामगिरीचा गौरव केवळ पदकांनीच होतो असे नाही. एखाद्या पाणबुडीच्या नावातूनही तो होतो. भारतीय नौदलाने १९६८ साली एका आणि २०१९ साली दुसऱ्या पाणबुडीला ‘खांदेरी’ हे नाव दिले. अलिबागसमोरील या जलदुर्गाचे नाव निघाले की सरखेल कान्होजी आंग्रे यांचे स्मरण होणे क्रमप्राप्तच आहे.

१६९८ च्या सुमारास मराठी आरमाराची धुरा त्यांच्याकडे आली. आपल्या दस्तकावाचून कोकण किनाऱ्यावरून परकी गलबत जाऊ द्यायचे नाही, हा त्यांचा दंडक गोऱ्या व्यापाऱ्यांना झोंबला. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर चाल केली, ती फसली. १७२१ मध्ये ते पोर्तुगीजांना घेऊन कुलाब्यावर चालून आले. तेव्हाही हात हलवीत परतले. १७२९ मध्ये कान्होजी निवर्तले, तोवर त्यांचे आरमार अजिंक्यच राहिले.

इंग्रजांनी त्यांना चाचा ठरविले. स्वतंत्र भारताने १९५१ साली मुंबईतील नौदल तळाला ‘आंग्रे’ हे नाव देऊन तो कलंक पुसला. पण त्याला दोन शतकांहून अधिक काळ लागला. पाण्याखाली मुकाट्याने गस्त घालणाऱ्या खलाशाचे कर्तृत्व तर कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. त्याची कदर त्याच्या हयातीतच व्हावी. सरखेलांची गलबते हाकणारे कोळी आणि भंडारी बहुतांशी अनामिकच राहिले. ती चूक पुन्हा होऊ नये.