प्रथिनांच्या घड्यांचा नकाशाकार : जी. एन. रामचंद्रन

जगभरातील जीवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एका भारतीय शास्त्रज्ञाच्या नावाची आकृती हमखास आढळते. ‘रामचंद्रन आलेख’ म्हणून ती ओळखली जाते. प्रथिनाची साखळी कोणत्या दिशांनी वळू शकते आणि कोणत्या दिशा तिला मुळातच बंद आहेत, हे दाखवणारा तो नकाशा आहे. तो आखणारे गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांना उत्तरायुष्यात पार्किन्सनच्या विकाराने गाठले. या विकारात मेंदूतील एक प्रथिन भलत्याच घड्या घेऊन पेशींमध्ये साचत जाते.

रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी केरळमधील एर्नाकुलम येथे झाला. वडील नारायण अय्यर गणिताचे प्राध्यापक असल्याने गणिताची गोडी घरातूनच लागली. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे शिक्षण घेऊन ते १९४२ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले. प्रवेश विद्युत अभियांत्रिकीसाठी होता. परंतु सर सी. व्ही. रामन यांनी या विद्यार्थ्याची कुवत ओळखून त्याला आपल्या पदार्थविज्ञान विभागात घेतले. पुढे केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते मायदेशी परतले आणि १९५२ मध्ये मद्रास विद्यापीठात पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख झाले. तेव्हा त्यांनी वयाची तिशीही पुरी केली नव्हती.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी मद्रासच्या भेटीत त्यांचे लक्ष कोलॅजेनकडे वेधले. त्वचा, हाडे आणि स्नायुबंध यांना बळकटी देणाऱ्या या प्रथिनाची रचना तोवर उलगडलेली नव्हती. मद्रासमधीलच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून कांगारूच्या शेपटीतील तंतूंचा नमुना मिळाला. त्यावर क्ष-किरणांचे प्रयोग करून रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कोलॅजेनची तीन पदरी रचना मांडली. पुढच्याच वर्षी हे तीन पदर एकमेकांभोवती पिळलेले असल्याचे त्यांनी दाखवून दिले. मात्र, या प्रतिकृतीत काही अणू परस्परांच्या फारच जवळ आले आहेत, असा आक्षेप फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी घेतला.

हा आक्षेप रामचंद्रन यांनी वादाचा विषय न करता संशोधनाचा विषय केला. दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, हे त्यांनी ज्ञात स्फटिकरचनांतील अंतरे तपासून ठरवले. प्रथिनाच्या साखळीतील प्रत्येक अमिनो आम्लापाशी मुख्यतः दोन ठिकाणी वळण घेता येते. या दोन वळणांचे कोन बदलत नेले, तर अणू कोठे एकमेकांवर आदळतात आणि कोठे आदळत नाहीत, याची चिकाटीने आकडेमोड करण्यात आली. सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह हे काम १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. नकाशाचा बहुतांश भाग निषिद्ध ठरला आणि उरलेल्या मोजक्या प्रदेशांतच प्रथिनांच्या परिचित घड्या बसतात, हे स्पष्ट झाले.

या नकाशाचे आणखी एक महत्त्व पुढील संशोधनातून उमगले. घडी चुकलेले प्रथिन या नकाशाचे नियम मोडतेच असे नाही. अल्झायमर आणि पार्किन्सन या विकारांत प्रथिनांच्या साखळ्या पट्ट्यांसारख्या एकमेकींना चिकटून टणक तंतू तयार होतात. या पट्ट्यांचे कोनही नकाशाच्या मान्य प्रदेशातच येतात. वळण शक्य आहे की नाही, एवढेच नकाशा सांगतो. ते हितकारक आहे की घातक, हे पेशीतील परिस्थितीवर अवलंबून असते. म्हणूनच पेशी घडी घालण्यास मदत करणारी साहाय्यक प्रथिने बाळगते आणि बिघडलेली प्रथिने मोडीत काढते. वयोमानानुसार ही व्यवस्था दुबळी होत जाते.

बंगळुरूला परतून रामचंद्रन यांनी भारतीय विज्ञान संस्थेत रेणवीय जैवभौतिकी विभाग उभारला. ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह १९७१ मध्ये त्यांनी मांडलेली गणिती पद्धत क्ष-किरण छायांवरून शरीराच्या आतील प्रतिमा उभी करण्याच्या तंत्रात मोलाची ठरली. १९७७ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

अखेरची वर्षे कष्टाची गेली. हातापायांची हालचाल जखडणाऱ्या पार्किन्सनमध्ये मेंदूत साचणाऱ्या गाठी प्रामुख्याने अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या असतात, हे १९९७ मध्ये, म्हणजे त्यांच्या हयातीतच उघड झाले. एरवी ठरावीक आकार नसलेली ही साखळी त्या गाठींमध्ये पट्ट्यांच्या घट्ट थरांत अडकून पडते. १९९८ मध्ये पत्नी राजलक्ष्मी यांचे निधन झाले. त्यानंतर पक्षाघाताने त्यांची प्रकृती अधिकच ढासळली. आंतरराष्ट्रीय स्फटिकविज्ञान संघाने १९९९ मध्ये त्यांना एवाल्ड पुरस्काराने गौरविले. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नई येथे, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली.

पार्किन्सनवर समूळ इलाज आजही सापडलेला नाही. परंतु त्या शोधात जगात कोठेही एखाद्या प्रथिनाची नवी रचना हाती आली, की ती विश्वासार्ह आहे का, हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञ प्रथम मद्रासमध्ये आखलेल्या त्याच नकाशाकडे वळतात.